'अ‍ॅडजस्टमेंट'ला मराठीत काय म्हणाल?

भाषांतरवाली:
मंडळी, एका शब्दावर अडलेय. अमेरिकेत बाहेरच्या मालामुळे कारखाना बंद पडला किंवा काम दुसऱ्या देशात गेलं तर तिथल्या कामगारांसाठी सरकारची १९६२ पासूनची योजना आहे, ट्रेड अ‍ॅडजस्टमेंट असिस्टन्स. त्यावरचा लेख मराठीत करतेय. कोश बघून 'व्यापार समायोजन साहाय्य' लिहिलं आणि आईला वाचून दाखवलं, तर ती म्हणाली दुकानदारांना कर्ज देतात ते का? तीन शब्द लिहिले आणि कामगार कुठेच आला नाही! आणि 'डिस्प्लेस्ड वर्कर'ला विस्थापित म्हणू का?

जुना कारकून:
ताई, समायोजन नकोच. आपल्याला हा शब्द माहितीये तो अतिरिक्त शिक्षकांच्या समायोजनामुळे, एका शाळेतलं पद गेलं की दुसऱ्या शाळेत सामावून घेतात, उशीर होतो पण नोकरी राहते. तुमच्या योजनेत नोकरी कोणी देत नाही, ट्रेनिंगचा खर्च आणि भत्ता देतात, नोकरी ज्याची त्याने शोधायची. समायोजन लिहिलंत तर वाचणाऱ्याला वाटेल सरकारने दुसरीकडे चिकटवून दिलं.
विस्थापितही नको. विस्थापित म्हटलं की घर-जमीन गेलेला माणूस डोळ्यासमोर येतो, आणि इथे माणूस त्याच घरात आहे, कुलूप फॅक्टरीच्या गेटला लागलंय.

पाटीपेन्सिल:
मग धरणग्रस्त, पूरग्रस्त तसं 'आयातग्रस्त' का नको? कशामुळे झालं ते शब्दातच येतं, आणि त्या कायद्यात सगळी मारामारी त्यावरच आहे. सुरुवातीला आयात हेच मुख्य कारण आणि ती आयातसुद्धा जकात कमी केल्यामुळे वाढली, हे दोन्ही सिद्ध करावं लागायचं, परिणाम असा की १९६९ पर्यंत कामगारांचा एकही अर्ज मंजूर झाला नाही. मग १९७४ च्या कायद्याने अट सैल केली, आयातीचा त्यात महत्त्वाचा वाटा असला तरी पुरे. युनियनवाले ह्या मदतीला अंत्यविधीचा विमा म्हणायचे ते उगाच नाही.
एक मात्र, काही वेळा माल आयात होत नाही, कामच उचलून बाहेर नेतात, तेव्हा आयातग्रस्त तोकडा पडेल.

कॅरोलिनाकर:
मी नॉर्थ कॅरोलिनात राहते म्हणून लिहितेय. इथे कनॅपोलिसची टॉवेल-चादरींची पिलोटेक्स गिरणी २००३ च्या जुलैत बंद झाली, हजारो लोक एकदम घरी बसले, आणि त्यातल्या कितीतरी जणांचं हायस्कूलही पूर्ण नव्हतं, म्हणजे नवीन कामाचं ट्रेनिंग घ्यायच्या आधी शाळेपासून सुरुवात.
नंतर काही वर्षांनी मी एका बाईंना गणित शिकवत होते, फर्निचरच्या कारखान्यातून कमी केलेल्या, पन्नाशी उलटलेली. लाकडावर टेप धरली की इंचाचे सोळावे भाग त्या नुसत्या नजरेने सांगायच्या, पण तेच ३/१६ अधिक १/८ कागदावर मांडलं की पेन्सिल थांबायची. मग एक दिवस मी टेपच टेबलावर ठेवली आणि त्यावर बोट ठेवून ५/१६ दाखवायला सांगितले, तर सेकंदात दाखवले. त्या म्हणाल्या, हेच का ते? मला ते अजून विसरता येत नाही.
सांगायचं हे की त्यांच्या तोंडून 'अ‍ॅडजस्टमेंट' मी कधी ऐकलं नाही, त्या म्हणायच्या 'मी ट्रेड अ‍ॅक्टवर शिकतेय', म्हणजे ह्या योजनेच्या कायद्याखाली. आणि मराठीत आपण 'जरा अ‍ॅडजस्ट कर' कोणाला म्हणतो बघा, ज्याला जागा कमी मिळतेय त्यालाच. केनेडींनी १९६२ मध्ये ही योजना मांडताना म्हटलं होतं की व्यापार खुला केल्याचा भार नुसता कामगारांवर पडू नये, सरकारनेही काही उचलावा. तो अर्थ 'जुळवून घेणे'मध्ये अजिबात येत नाही, उलटाच होतो. म्हणून माझं मत अ‍ॅडजस्टमेंटचं भाषांतरच करू नका.

जुना कारकून:
वा, पटलं. मग 'नुकसानभरपाई' चालेल का?

कॅरोलिनाकर:
नाही हो काका. भरपाई म्हणजे गेलं तेवढं हातात ठेवलं. इथे बेकारी भत्ता संपल्यावरचा आठवड्याचा भत्ता साधारणपणे ट्रेनिंगला नाव घातलं तरच, १९८८ पासून ती अट आहे.

भाषांतरवाली:
अजून दोन शब्द आहेत. 'वेज इन्शुरन्स'ला वेतन विमा लिहिलंय आणि 'पिटिशन'ला याचिका.

पाटीपेन्सिल:
विमा म्हटलं की आपल्याकडे लगेच हप्ता आला, आणि इथे कामगार हप्ता भरतच नाही. पन्नाशीच्या पुढच्यांनी कमी पगाराची नोकरी धरली तर फरकाचा अर्धा भाग दोन वर्षांपर्यंत द्यायचे. आधी वर्षाला ४०,००० डॉलर होते आणि आता ३०,००० झाले तर वर्षाला ५,०००, दोन वर्षांचे मिळून १०,०००, कमाल मर्यादाही तेवढीच. 'पगारातली निम्मी तूट भरून देणे' लिहा, लांब आहे पण कळतं.
याचिका म्हणजे कोर्ट, इथे साधा अर्ज आहे, तीन कामगार मिळून करू शकतात. आणि मंजुरी एकेकट्याला नाही, त्या जागेवरच्या अख्ख्या गटाला मिळते, ते नक्की लिहा नाहीतर वाचणारा गोंधळेल.

भाषांतरवाली:
सगळ्यांचे खूप आभार. मग नाव एकदा देवनागरीत तसंच आणि पुढे सरळ मराठीत, असं करते: 'परदेशी व्यापारामुळे काम गेलेल्या कामगारांना ह्या योजनेतून ट्रेनिंग आणि भत्ता मिळतो.'

कॅरोलिनाकर:
ताई, क्रियापद बदला. १ जुलै २०२२ पासून नवीन गटांना मंजुरी देणं थांबलंय, काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, मुदत वाढवलीच नाही. ज्यांना आधी मंजुरी मिळाली होती त्यांचंच पुढे चालू राहिलं. त्यामुळे 'मिळतो' नका लिहू, 'मिळायचा' लिहा.