अखेरच्या निरोपाची फुले रचताना : तुमचे अनुभव

रानजाई
आज सकाळी फुलदाणीतल्या लिलीची पहिली कळी उमलली आणि तिच्या वासाबरोबर बाबांच्या अंत्यविधीची आदली रात्र इतकी स्पष्ट आठवली, की हातातले काम बाजूला ठेवून हा धागा काढत आहे. त्यांच्यासाठीचे पुष्पचक्र मी स्वतः केले होते. सगळे झोपल्यावर फुले बाहेर काढली, तेव्हा लक्षात आले की लिलीच्या जवळजवळ सगळ्या कळ्या मिटलेल्याच आहेत. घरासाठी फुले घेताना आपण कळ्याच निवडतो, कारण ती आठवडाभर टिकावीत अशी आपली इच्छा असते. अंत्यविधीची फुले मात्र नेमक्या त्या दोन-तीन तासांत पूर्ण उमललेली असावी लागतात, हा फरक मला तोवर सुचलाच नव्हता. मग देठ तिरपे कापून कोमट पाण्यात ठेवले, दिवा चालू ठेवला आणि त्यांच्याजवळ बसून राहिले. पहाटेपर्यंत नऊपैकी चार कळ्या उमलल्या. त्यांचे परागकोश काढताना बाहीला केशरी डाग लागला. तो मी पाण्याने पुसायला गेले आणि तो कायमचा बसला. तो कुडता मी अजून टाकलेला नाही.

ज्यांनी आपल्या माणसासाठी अशी फुले रचली असतील, त्यांनी काय जमले आणि काय जमले नाही, हे दोन्ही लिहावे.

गवतफूल
रानजाईताई, तुम्ही केलेत ते अगदी योग्य होते. मी बरीच वर्षे फुलांच्या सजावटीचे काम करते. लिलीच्या कळीवर रंग दिसू लागला असेल तर कोमट पाणी आणि उबदार खोली यांमुळे ती लवकर उमलते. पूर्ण हिरवी, घट्ट कळी मात्र एका रात्रीत उमलत नाही, तिच्यावर विसंबून राहू नये. परागाचा डाग कोरडा असतानाच चिकटपट्टीने उचलून घ्यावा, कारण पाणी लागले की तो धाग्यात उतरतो.

घरची माणसे कधी कधी माझ्याकडे येऊन म्हणतात, की आम्हालाही काहीतरी करू द्या. मी त्यांना देठांवरची खालची पाने काढायला देते. हे काम खरोखरच आवश्यक असते, कारण पाण्यात बुडालेली पाने कुजतात, जिवाणू वाढतात आणि देठाच्या नळ्या तुंबतात. शिवाय ते चुकण्यासारखे नसते. त्या दिवशी कोणाच्याही हातून काही चुकावे असे मला वाटत नाही.

पाऊलवाट
माझ्या हातून चुकले होते. आईसाठी गोल चक्र करायचे होते आणि वेळ फार थोडा होता, म्हणून कोरडा फ्लोरल फोम (फुलांचे देठ खोचायचा, पाणी धरून ठेवणारा स्पंजासारखा ठोकळा) मी हाताने दाबून पाण्यात बुडवला. वरून तो व्यवस्थित भिजलेला दिसत होता. दोन तासांत एका बाजूचे हायड्रेंजियाचे सगळे झुबके माना टाकून बसले. लोक दर्शनाला येत होते आणि माझे डोळे फक्त त्या सुकलेल्या बाजूकडे जात होते. आईला हायड्रेंजिया आवडायचा, एवढ्यासाठीच मी तो निवडला होता. या गोष्टीला सहा वर्षे झाली, तरी हे मी आज पहिल्यांदाच लिहीत आहे.

गवतफूल
पाऊलवाट, फोम दाबून बुडवला की बाहेरचा थर आधी भिजतो आणि आतली हवा कोंडून राहते, त्यामुळे गाभा कोरडाच राहतो. तो पाण्यावर नुसता ठेवून आपोआप बुडू द्यायचा असतो. एकदा भिजून वाळलेला फोम पुन्हा नीट पाणी शोषत नाही, हेही लक्षात ठेवावे. हायड्रेंजियाचे म्हणाल, तर तो पाकळ्यांमधूनही पाणी घेतो; मान टाकलेला झुबका अर्धा-पाऊण तास पाण्यात पूर्ण बुडवून ठेवला तर बहुधा पुन्हा उभा राहतो. हे कोणी सांगितल्याशिवाय कळणारे नाही. तुम्ही आईच्या आवडीचे फूल निवडलेत आणि वेळ कमी पडला, यापलीकडे तुमचा काहीही दोष नाही.

संथवाहिनी
पाऊलवाट, तुमचे वाचून डोळे भरून आले. एवढेच लिहिते.

मातीचे घर
फोमचा विषय निघाला आहे म्हणून लिहितो. फुलांसाठीचा हा ओला फोम १९५४ मध्ये अमेरिकेत तयार झाला. तो फिनॉल आणि फॉर्माल्डिहाइडपासून बनतो, मातीत कुजत नाही आणि त्याचा चुरा होऊन प्लास्टिकचे सूक्ष्म कण पाण्यात जातात. माझी पत्नी आयुष्यभर बागेत राबली. तिच्यावर अशी वस्तू ठेवण्याची कल्पनाच मला सहन होईना. मुलीने आणि मी वेलींच्या लवचीक फांद्या एकमेकींत गुंफून कडे केले, त्यावर ओले शेवाळ सुतळीने गुंडाळले आणि त्यात आखूड देठांची फुले खोवली. शेवाळ फोमइतके पाणी देत नाही, म्हणून आम्ही शेवंती, कार्नेशन अशी काटक फुले निवडली आणि नाजूक फुले अगदी शेवटच्या तासात लावली. चक्र थोडे वेडेवाकडे झाले होते. पुढे ते सगळे तिच्याच बागेतल्या खताच्या खड्ड्यात गेले आणि वर्षभरात त्याची माती झाली.

काठावरची
मी हे कधी कोणाशी बोललेले नाही. आमच्या बाळासाठी नेहमीच्या आकाराची फुले चालतच नव्हती. एक गुलाब ठेवला तर तोच बाळाच्या चेहऱ्याएवढा दिसत होता. शेवटी माझ्या नणंदेने जिप्सोफिलाच्या, म्हणजे अगदी बारीक पांढऱ्या फुलांच्या, काड्या बारीक बारीक करून तळहातात मावेल एवढे कडे बांधले. तिला त्यासाठी तीन तास लागले. असे काम करावे लागलेल्या कोणाला उपयोग होईल, म्हणून लिहिले.

रानजाई
काठावरची, तुम्ही हे इथे लिहिलेत, याबद्दल तुमची ऋणी आहे. तुमच्या नणंदेलाही माझा नमस्कार सांगा.

जुनी पायवाट
मी इतिहास शिकवतो, आणि वडिलांसाठी फुले गुंफताना माझ्या मनात सतत प्राचीन इजिप्तचा राजा तूतनखामेन याची कबर येत होती. १९२२ मध्ये ती सापडल्यावर राजाच्या शवपेट्यांवर फुलांच्या माळा आढळल्या; ऑलिव्हची पाने, निळ्या कमळाच्या पाकळ्या आणि कॉर्नफ्लॉवर पपायरस या पाणगवताच्या पट्टीवर बांधलेले होते. त्या फुलांच्या बहराच्या काळावरून अभ्यासकांनी दफन मार्च-एप्रिलमध्ये झाले असावे असा निष्कर्ष काढला. इस्रायलमधील राकेफेत गुहेत तर सुमारे १२-१३ हजार वर्षांपूर्वीच्या दफनाच्या खड्ड्यात फुलांच्या देठांचे ठसे मिळाले आहेत. वडिलांच्या चक्रात मी फक्त त्या आठवड्यात अंगणात फुललेली फुले घेतली. ते गेले तेव्हा कोणता ऋतू होता, हे त्यांच्या फुलांवरून कळायला हवे, असे मला तीव्रतेने वाटत होते.

शांतनिळी
दोन गोष्टी अनुभवाने सांगते. ग्लॅडिओलाच्या काड्या रात्रभर आडव्या ठेवू नयेत, कारण त्यांची टोके वर, आकाशाच्या दिशेने वळतात. मामांसाठी केलेल्या लांबट रचनेत सकाळी सगळी टोके वर वाकलेली होती आणि ती पुन्हा सरळ झाली नाहीत. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. अंत्यविधीनंतर उरलेली फुले घरी येतात, आणि घरात मांजर असेल तर त्यांत लिली मुळीच असू नये. लिलीचे पान, पराग, एवढेच काय फुलदाणीतले पाणीसुद्धा मांजराचे मूत्रपिंड निकामी करू शकते. आजीच्या पाठीमागे तिची मांजर माझ्याकडे आली, तेव्हा एका मैत्रिणीने वेळेवर सावध केले म्हणून ती वाचली.

नवी पालवी
मला ताबडतोब मदत हवी आहे. उद्या सकाळी काकांचा अंत्यविधी आहे. माझ्याकडे पांढरी कार्नेशन आणि काही गुलाब आहेत, आणि दोन गुलाबांनी आत्ताच माना टाकल्या आहेत. मी हे आधी कधीच केलेले नाही.

गवतफूल
घाबरू नका, पुरेसा वेळ आहे. गुलाबांच्या देठात हवा अडकली आहे. देठाचे टोक पाण्यात बुडवून, पाण्याखालीच दोन-तीन सेंटिमीटर कापा आणि फुले गळ्यापर्यंत कोमट पाण्यात उभी ठेवा. मान सरळ राहावी म्हणून भोवती कागद गुंडाळा. कार्नेशन पिकलेल्या फळांपासून दूर ठेवा, कारण फळांतून निघणाऱ्या इथिलीन वायूने त्यांच्या पाकळ्या आत मिटतात. आज रात्री फक्त पाणी पाजा. रचना पहाटे करा. आधी पाने लावून आकार ठरवा, मग कार्नेशन आणि शेवटी गुलाब.

नवी पालवी
देठ कापले. कागद गुंडाळून ठेवला आहे. फळांची टोपली बाहेर नेली. पहाटे पुन्हा येथे येईन.

गवतफूल
मी जागी असेन.