पाल (PAL) डीव्हीडीचं तयार टेम्प्लेट : फाइल मावंना, नाच थरथरतोय

परभणीचा शूटिंगवाला :
सेलूकडच्या लग्नाची अडीच तासांची डीव्हीडी करायलोय. नवरदेवाचे आजोबा पेनड्राइव्हला हात लावत नाहीत, त्यांना चकतीच पाहिजे. शूटिंग १०८०, ५० इंटरलेस्ड (एकाआड एक ओळींची दोन अर्धी चित्रं, म्हणजे फील्ड, आलटूनपालटून). सॉफ्टवेअरमधलं ८ एमबीपीएसचं (सेकंदाला ८ मेगाबिट) पाल, म्हणजे आपल्याकडच्या टीव्ही पद्धतीचं, टेम्प्लेट (तयार सेटिंग) घेतलं, तर फाइल डिस्कवर मावंना. मग थोडा तुकडा डिस्कवर बर्न करून बघितला. मंगलाष्टकं झकास, पण वरातीत पोरं नाचायली की टीव्हीवर हात मागंपुढं थरथरायलेत. टेम्प्लेटच बोगस आहे का?

लातूरकर :
बोगस नाही भाऊ. ८ एमबीपीएसनं ४.७ जीबीत जेमतेम सव्वा तास बसतो. अडीच तासांना आवाज धरून सरासरी ४ च्या आसपासच मिळतात. व्हिडिओ ३.६, टू-पास व्हीबीआर (दोन फेऱ्यांत, गरजेप्रमाणं कमीजास्त बिट), आवाज एसी-३ (डॉल्बी) १९२ केबीपीएस. टू-पास पहिल्या फेरीत सगळं चाळतो, मग मंगलाष्टकांतले बिट वाचवून वरातीवर उधळतो. उभ्या माणसांना लागतंय किती!

थरथरीसाठी फील्ड ऑर्डर बघा, म्हणजे वरच्या ओळीपासूनचं (अप्पर) फील्ड आधी की खालचं (लोअर). एचडीत अप्पर आधी, जुन्या डीव्ही टेपमध्ये लोअर आधी. काही टेम्प्लेटं अजून टेपच्याच जमान्यात आहेत. अप्पर करा, ७२० बाय ५७६ तसंच ठेवा, आस्पेक्ट (रुंदी-उंचीचं प्रमाण) १६:९.

जालन्याहून :
ड्युअल लेअर (दोन थरांची), ८.५ जीबीची डिस्क घ्या की. नाहीतर हळद एका डिस्कवर, लग्न दुसऱ्यावर.

परभणीचा शूटिंगवाला :
ड्युअल लेअर आजोबांच्या प्लेअरनं उचलली नाही तर? अप्पर केलं, वरात सरळ नाचायली. आता टू-पास लावतो, फक्त लाइट टिकली पाहिजे.