ताल: एका वर्षापुरता?

बुद्धिबळपटू मिखाईल ताल 'एका वर्षापुरता जगज्जेता' होता आणि नुसता जुगार खेळायचा, असं म्हटलं जातं. त्यातलं पहिलं म्हणणं कागदोपत्री खरं आहे. १९६० मध्ये मॉस्कोत त्याने तेव्हाच्या जगज्जेत्या बोटविनिकला १२.५–८.५ असं हरवलं तेव्हा लॅटव्हियातल्या रीगाचा हा पोरगा २३ वर्षांचा होता. पुढच्याच वर्षी फेरलढतीत किताब गेला. पण मूत्रपिंडाचं दुखणं कायम पाठीशी, वर सिगारेटी (त्या काही सुटल्या नाहीत), आणि तरी १९७३-७४ मध्ये सलग ९५ डाव अपराजित! मोहऱ्यांचे बळी देत नुसता जुगार खेळणाऱ्याला हे जमेल का? १९८८ मध्ये, वयाच्या ५१व्या वर्षी, कॅनडातली जागतिक ब्लिट्झ (काही मिनिटांत संपणाऱ्या झटपट डावांची) स्पर्धाही त्यानेच मारली. तेव्हाचा जगज्जेता कास्पारोव्ह आणि माजी जगज्जेता कार्पोव्ह दोघेही त्यात खेळत होते.