मदत हवी आहे: आईसाठी मुंबई-न्यूयॉर्क थेट विमान घ्यावं की लंडनमार्गे?

नमस्कार मंडळी. माझी आई मे महिन्यात पहिल्यांदाच एकटी न्यूयॉर्कला जायची आहे, बहिणीच्या बाळंतपणासाठी. वय ६८, गुडघे दुखतात, इंग्रजी जेमतेम.

मुंबई ते न्यूयॉर्क सरळ अंतर सुमारे १२,५५० किमी, म्हणजे थेट विमानाने साधारण १५-१६ तास. लंडनमार्गे मुंबई-लंडन ७,२०० आणि पुढे ५,५५० किमी. बेरीज केली तर जेमतेम दोनशे किलोमीटर जास्त! लंडन जवळपास वाटेवरच येतं, हे नकाशावर बघून कधी लक्षात आलं नव्हतं. पण मधले तीन-चार तास विमानतळावर जातील.

सलग इतके तास बसून पाय सुजतील अशी मला धास्ती आहे. दुसरीकडे, लंडनला ती एकटी पुढचं विमान कसं शोधेल? व्हीलचेअर सांगितली तर तिथला माणूस थेट पुढच्या विमानापर्यंत सोडतो का? तुमच्यापैकी कोणी आईवडिलांना असं पाठवलंय का?

शिवाय मे महिन्यात तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागे. मधुमेहाच्या गोळ्यांच्या वेळा डॉक्टरांना विचारणारच आहे, पण प्रवासात तुम्ही त्या कशा सांभाळल्या तेही कृपया सांगा.