सिंहगड रोडला गाडी तापते, हायवेला नाही. का?

जुनी पेट्रोल हॅचबॅक आहे. ट्रॅफिकमध्ये काटा लालकडे, हायवेला मध्यावर. गॅरेजवाला म्हणतो रेडिएटर बदला. डोक्याला ताप नुसता!

उत्तर १: थांबा, रेडिएटर इतक्यात नको. वेगात वारा आपोआप मिळतो, ट्रॅफिकमध्ये सगळी भिस्त पंख्यावर. इंजिन चालू ठेवून एसी लावा, पंखा फिरायला हवा. नाही फिरला तर आधी फ्यूज बघा, मग शेजारचा त्याच नंबरचा रिले (पंख्याला करंट देणारा छोटा स्विच) लावून बघा. तरी नाही, तर पंख्याच्या वायरचा प्लग काढून मोटरला बॅटरीवरून थेट 12 व्होल्ट द्या (बोटं लांब ठेवा). फिरली तर मोटर ठीक, दोष वायरिंगमध्ये. एसीवर फिरतो पण इंजिन तापल्यावर नाही? मग बहुतेक टेंपरेचर सेन्सर. थर्मोस्टॅट (रेडिएटरकडे पाणी सोडणारा व्हॉल्व्ह) बंद अडकला असता तर हायवेलाही तापली असती.

उत्तर २: कूलंटही बघा, पण इंजिन पूर्ण गार झाल्यावरच. गरम असताना झाकण उघडलं की उकळतं पाणी तोंडावर. बोअरचं पाणी अजिबात नको, क्षार साचतात. कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं.

उत्तर ३: तोवर काटा चढला तर एसी बंद, हीटर फुल. उकडेल, पण हेड गॅस्केट (इंजिनच्या हेडखालचं सील) वाचेल.