वेताची तलवार, खरा दणका

तलवार वेताची असेल तर एवढं चिलखत कशाला, असा प्रश्न कुणालाही पडेल. १९६६ साली अमेरिकेतल्या बर्कलीत सुरू झालेल्या 'सोसायटी फॉर क्रिएटिव्ह अनाक्रोनिझम' या मध्ययुगीन जीवन आणि लढती हौसेनं पुन्हा साकारणाऱ्या संस्थेत तलवारीचा वेत किमान सव्वा इंच जाड लागतो आणि फटके जोरात बसतात. डोकं, गळा, कोपर, गुडघे झाकल्याशिवाय रिंगणात सोडतच नाहीत.

कड्यांचं चिलखत मी घरीच विणलं. तार सळईवर गुंडाळून कापायची, मग दोन पकडींनी एकेक कडी चार कड्यांत ओवून मिटवायची. टोकं जुळली नाहीत तर आतलं कापड फाटतं. कडी धार अडवते, दणका नाही. आत जाड गादीचा अंगरखा हवाच. कमरेला पट्टा आवळा, खांद्यांवरचा बराच भार उतरतो.

आणि फटका लागला की नाही, हे ज्याला लागला तोच सांगतो. मला हेच सर्वांत आवडतं.