विणीचा प्रदेश 'सरकतो' की 'स्थलांतर करतो'?

राघूवेडी: एक अनुवाद करतेय, अडलेय. युरोपातला राघू (इंग्रजीत बी-ईटर), म्हणजे आपल्या वेड्या राघूचा रंगीबेरंगी भाऊबंद, पिल्लं काढणार ती दक्षिण युरोपात, उत्तर आफ्रिकेत. पण २०२२मध्ये इंग्लंडातल्या नॉरफोकमध्ये, वाळूच्या एका खाणीत त्यानं पिल्लं काढली. २०२३मध्ये परत तिथंच हजर. तिकडचे पक्षीतज्ज्ञ याला तापत्या हवामानाची खूण मानतात. मी लिहिलं, 'प्रजननक्षेत्राचे उत्तरेकडे स्थलांतर'. आईनं वाचलं नि म्हणाली, "त्यात काय नवल? पक्षी स्थलांतर करतातच." मुद्दाच बुडाला! शिवाय 'प्रजननक्षेत्र' म्हणजे गुरांच्या दवाखान्यातली पाटी वाटते.

हिरवा चाफा: 'विणीचा प्रदेश उत्तरेकडे सरकला.' पक्षीवाले 'विणीचा हंगाम' म्हणतातच.

जुना पाटा: पक्षी कधीपासून वितो? गाय विते, शेळी विते. 'कोंबडी व्याली' म्हटलं असतं तर आजीनं मला गोठ्यातच नेऊन बांधलं असतं.

हिरवा चाफा: क्रियापद राहू द्या गोठ्यात. 'माशांच्या विणीचा काळ' दर पावसाळ्यात पेपरात येतो, तेव्हा नाही कुणी हरकत घेत!

अंगतपंगत: माझ्या मते मूळ 'विणणे'. सुगरण घरटं विणते, म्हणून वीण.

जुना पाटा: राघू काही विणत नाही हो, दरडीत बीळ खणतो! कापडाची वीण वेगळी. ही संस्कृत 'विजायते'वरून, म्हणजे जन्म देण्यावरून आलेली.

अंगतपंगत: मग 'नीडक्षेत्र' करा, नीड म्हणजे घरटं. पक्ष्यांवर लिहिणाऱ्या मारुती चितमपल्लींनी हेरॉनरीला, म्हणजे बगळ्यांच्या वसाहतीला, 'सारंगागार' दिलं, तेही आधी कुणाच्या तोंडी नव्हतंच.

हिरवा चाफा: सारंगागार गोडच आहे. पण आमच्या तळ्यावर अजून 'बगळ्यांचं झाड'च म्हणतात. आणि बिळात राहणाऱ्याला नीड कसलं?

राघूवेडी: 'वीण' घेते. पण 'सरकला'वर संपादकांचा आक्षेप आहे: सरकला म्हटलं की जुनी जागा सुटली. स्पेनमधले राघू तर आहेत तिथेच आहेत. 'पसरला' म्हणू?

अंगतपंगत: पसरायला काय तो गाजरगवत आहे?

जुना पाटा: त्याआधी 'राघू' कापा. राघू म्हणजे पोपट. आमच्याकडे याला 'बहिरा पोपट' म्हणतात.

हिरवा चाफा: म्हणजे पोपट कापून पोपटच! आणि बहिरा कशावरून?

जुना पाटा: वेडा तरी कशावरून? तारेवरून झेप घेतो, माशी पकडतो, पुन्हा त्याच तारेवर येऊन बसतो.